भिंतीवरचं धाकूचं नाव

रंगूबाई जाधव आमच्या डोंबिवलीच्या घरी मसाला कांडायला, पापड लाटायला आणि आईशी वाद घालायला येत असे. तिसरं काम ती बिनपगारी करी, पण सगळ्यांत मन लावून. मी तिला रंगूमावशी म्हणायची. ती महाडकडची. तिचा नवरा धाकू चौदा सालच्या लढाईत सफरमैना पलटणीतून, म्हणजे खंदक खणणाऱ्या आणि पूल बांधणाऱ्या पलटणीतून, फ्रान्सला गेला, तेव्हा ती बारा वर्षांची होती. पुढं 'बेपत्ता' एवढाच कागद आला. बारा वर्षं उलटल्यावर गावच्या भटजींनी सांगितलं, आता गवताचा पुतळा करून त्याचे दिवस घाला आणि कुंकू पुसा. तिनं त्यांना विचारलं, "तुम्ही बघितलं का त्याला मेलेला?" भटजी निघून गेले. हिचं रुपयाएवढं कुंकू कायम राहिलं.

कोपरला भाच्याकडे राहायला आली तेव्हाही ते तसंच होतं. आमच्या आळीत हळदीकुंकवाला तिला मान होता.

पंचावन्न साली मी मुंबईच्या कॉलेजात फ्रेंच शिकत होते. आमच्या प्राध्यापकांनी खटपट करून अठरा विद्यार्थ्यांची फ्रान्सची सहल ठरवली. दोन्ही महायुद्धांच्या जागा बघायच्या, बोटीनं जायचं, बोटीनं यायचं. कार्यक्रमाचा छापील कागद वडिलांनी ओसरीवर मोठ्यानं वाचला. हिंदी सैनिकांचं स्मारक आलं. "ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा हजारो जवानांची नावं इथं भिंतीवर कोरली आहेत."

कांडणं थांबलं. रंगूमावशीनं विचारलं, "समद्यांची?"

"समद्यांची," वडील म्हणाले. छापलेल्या मजकुरावर त्यांचा फार विश्वास.

नंतर आठ दिवस ती आईशी एकदाही भांडली नाही. आम्ही सगळेच धास्तावलो. माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी ती डिंकाचे लाडू घेऊन आली. माझं मनगट धरून म्हणाली, "धाकू जाधव. सफरमैना. बघून ये, उत्तरे. आन् हाय ते खरं सांग." मी हो म्हटलं तरी तिनं मनगट सोडलं नाही. ही बाई घाबरलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि तिची भीती मलाही चिकटली.

मला वाटलं, भीती कुंकवाची आहे. नाव निघालं तर ती चाळीस वर्षांपूर्वीच विधवा झालेली ठरणार होती. म्हणजे इतकी वर्षं हळदीकुंकवाला बसली ती विधवा, आणि आठवड्यापूर्वी सुमेधावहिनीच्या डोहाळजेवणात पहिली ओटी भरली तीही विधवेनं! वहिनीला सातवा महिना. उद्या काही कमीजास्त झालं तर आळीतल्या बायका कुणाचं नाव घेतील हे मला पक्कं ठाऊक होतं.

फ्रान्समध्ये मी समुद्रकिनारे पाहिले, फुटलेले तोफखाने पाहिले. वहीत काहीबाही लिहिलं. सगळा वेळ मनात ती भिंत. तिथं पोचलो तेव्हा बाकीचे फोटो काढत होते आणि मी एकेका पलटणीखालची इंग्रजी अक्षरं वाचत होते, नाव नसू दे, नसू दे म्हणत. सफरमैना सापडली. खालून चौथ्या ओळीत धाकू जाधव सापडला.

मी प्राध्यापकांना हाक मारली. प्राध्यापक म्हणाले, कागद ठेव आणि वरून पेन्सिल घास, अक्षरं उमटतील. मी घासली. परतीच्या बोटीवर तो कागद पेटीच्या तळाशी होता आणि मला जेवण जात नव्हतं. तिला काय सांगू, कसं सांगू? मुंबईचा किनारा दिसला तेव्हा लोक आनंदानं ओरडत होते, मला मात्र बोट परत फिरवावीशी वाटत होती.

घरी पोचले तर ती ओसरीवर बसलेली. पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. "नाव हाय?"

मी तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही, मावशी. सगळी भिंत वाचली. नाव नाही."

मला वाटलं, आता ही सुटकेचा श्वास टाकील. तिचा चेहरा पांढरा पडला. दोन्ही हात जमिनीला टेकून ती खाली वाकली.

"म्हंजी नाथा खरं बोलत व्हता," ती म्हणाली. नाथा म्हणजे त्याच पलटणीतून परत आलेला तिच्या गावचा माणूस. "धाकू मेला न्हाई, मडमेच्या घरी राह्यला, असं साऱ्या गावात सांगत सुटला व्हता. म्या म्हनलं, लबाड हाईस. चाळीस वर्सं रोज घाबरत जगले, की त्यो खरा निघंल. त्यो जित्ता हाय कुठंतरी. मला टाकून."

मी पेटीकडे धावले. कपडे भिरकावून कागद काढला. "आहे, मावशी, नाव आहे! मी खोटं बोलले. हे बघ, तो लढाईतच गेला."

तिनं कागद उलटसुलट पाहिला. तिला मराठी वाचता येत नव्हतं, हे तर इंग्रजी. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तशी नजर माझ्या वाट्याला पुन्हा आली नाही, देवाची कृपा.

"मगाशी खोटं बोललीस का आता बोलतीस?" तिनं विचारलं. "म्या हाय खाल्ली म्हणून समजूत घालतीस?"

मी शपथा घेतल्या. आई मध्ये पडली. रंगूमावशीनं वडिलांकडूनही वाचून घेतलं नाही. ते माझे वडील. कागद घडी करून कनवटीला लावला आणि निघून गेली. मला त्या दिवशी ताप भरला.

दुसऱ्या दिवशी तिनं तो कागद आधी पोस्टमास्तरांकडून वाचून घेतला. मग स्टेशनातल्या बुकिंग क्लार्ककडून. मग कल्याणला जाऊन एका वकिलाकडून. कुणालाही आधी नाव सांगितलं नाही, "काय लिवलंय?" एवढंच विचारलं. तिघांनी एकच नाव वाचलं.

शुक्रवारी ती आमच्या दारात उभी राहिली. कपाळ मोकळं, हात मोकळे. आई रडू लागली. रंगूमावशी उंबऱ्याबाहेरच थांबली, पण मान ताठ. आळीतल्या बायका दारांत आल्या होत्या, त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझा मानूस लढाईत गेला. मला टाकून न्हाई गेला."

वहिनीला मुलगी झाली, ठणठणीत. रंगूमावशी आणखी एकवीस वर्षं आमच्याकडे येत राहिली, आईशी पूर्वीसारखी भांडत राहिली, माझ्या लग्नात दोन दिवस राबली. राग तिनं कधीच धरला नाही. पण मी किती वाजले ते सांगितलं, तरी ती घरात दुसऱ्या कुणाला तरी जाऊन विचारायची.