पंचवीस टक्के तुकडा

आमच्या वहिनीचं नाव काढलं की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते. सख्ख्या थोरल्या भावाची बायको, पण गिरणीत आलं की नातं गेटबाहेर. ती तांदळाची तपासनीस, मी मशीनवाला. एकोणीस वर्षं बाईनं माझं रक्त आटवलं.

तिच्या खोलीत एक टेबल, काळं ताट, चिमटा आणि सोनाराकडे असतो तसला छोटा काटा. पोत्यातला नमुना मी न्यायचा. ती चष्मा नाकावर सरकवून अख्खा दाणा डावीकडे, तुकडा उजवीकडे करत बसायची. बाहेरदेशी जाणाऱ्या मालात पाच टक्क्यांपर्यंत तुकडा चालतो. माझा साडेपाच निघायचा, कधी सहा. "भाऊजी, परत लावा." बस्स! बसा म्हणणं नाही, पाणी विचारणं नाही. मग मी रोलर सैल करायचे, पॉलिशचा दाब उतरवायचा, पुन्हा ताट घेऊन तिच्यासमोर उभं राहायचं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पास. पहिल्या खेपेला कधी म्हणजे कधीच नाही. घरी भाऊ हसायचा, "तुमचं तुम्ही बघा रे बाबांनो." पण त्या सटवीच्या धाकानं माझा हात असा बसला, की नुसत्या आवाजावरून मला कळायचं, दाणा मोडतोय की नाही. असा तांदूळ काढणारा दुसरा माणूस दाखवा मला.

मग यंदा देशात तांदूळ महागला. लोक बोंबलले, तसा सरकारनं निर्यातीवर कर बसवला. पंचवीस टक्क्यांच्या वर तुकडा असलेला माल तेवढा बिनकराचा. कर धरून आमचा भाव शेजारच्या देशाच्या वर जायला लागला. त्यात त्यांचं चलन घसरलेलं, म्हणजे त्यांचा माल आणखीच स्वस्त. आमचं गिऱ्हाईक तिकडे पळायच्या बेतात होतं.

शेठनं आम्हा दोघांना बोलावलं. "शुक्रवारी जहाज आहे. गिऱ्हाईक तुकडाही घेईल, पण भाव बिनकराचाच देणार. माल चढला नाही तर गिरणीला कुलूप." पंचवीसच्या वर न्यायला मिसळावा, तर तुकडाही नव्हता, गोदामातला सगळा पशुखाद्यवाल्यांनी आधीच उचललेला. होता तो माझा तांदूळ, दोनदा परत लावून पास केलेला, चार टक्क्यांचा.

"दाखल्यावर सव्वीस लिहा, विषय संपला," शेठ वहिनीला म्हणाला.

"चार आहे. चारच लिहीन."

मी तिच्यामागोमाग खोलीत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापुढे हात जोडले. "वहिनी, एक आकडा टाका. कोण बघायला येतंय? माझा तांदूळ तरी वाचेल."

तिनं मान वर केली नाही. "आकडा मी बदलणार नाही, भाऊजी. तांदूळ तुम्ही बदला."

"बदला म्हणजे? चांगला दाणा मोडू?"

"शेठना तुकडा हवाय ना?"

"दगड आहात तुम्ही, दगड!"

"जाताना दार ओढून घ्या."

गेलो. पोती पुन्हा मशीनवर ओतली. दाब चढवला, आणखी चढवला. एरवी ज्या आवाजाला घाबरून मी धावत जाऊन मशीन बंद करायचो, तो आवाज दुपारभर उभा राहून ऐकला. रडू येत होतं, आणि तोंडानं तिला शिव्या चालू होत्या. हमाल माझ्याकडे बघायचं टाळत होते.

नमुना तिच्या टेबलावर आपटला. तिनं नेहमीइतकाच वेळ लावला. एकेक दाणा चिमट्यानं उचलला, काटा थांबेपर्यंत थांबली.

"सव्वीस," म्हणाली, आणि दाखल्यावर सही केली.

मी तसाच उभा. परत लावा हे ऐकल्याशिवाय पाय निघायची सवयच नव्हती.

"पास आहे, भाऊजी," ती म्हणाली. "जा आता."

एकोणीस वर्षांत पहिल्या खेपेला पास झालेला माझा तो एवढाच तांदूळ.