सरांनी भरलेला फॉर्म

बारावीनंतर इंजिनिअरिंगला कुठल्या कॉलेजांसाठी अर्ज करायचा, त्याची यादी मी एका वहीत केली होती. आठ नावं. पूर्णगडहून रत्नागिरीला जाताना एसटीत रोज त्यांचा क्रम बदलायचा. बाबा जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला, म्हणून मला मेकॅनिकलच हवं होतं. पहिलं नाव एका सरकारी कॉलेजचं होतं.

आमच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारे सर मुलांचे प्रवेशाचे फॉर्म भरून द्यायचे, तेही फुकट. आम्हा गावाकडच्या मुलींना ते देवमाणूस वाटत. त्यांनी माझी यादी वाचली आणि हसले.

"ही कोणी केली गो?"

"मीच."

"बरं. तू फक्त ओटीपी सांग, बाकी माझ्यावर सोड. एक चूक झाली तर वर्ष फुकट जाईल."

फोनवर आलेला ओटीपी मी सांगून टाकला. माझी मैत्रीण कचरत होती. तिलाही मीच म्हटलं, "सांग गो, सर आहेत ते."

पहिल्या फेरीत मला जे कॉलेज लागलं त्याचं नाव मी कधी ऐकलंही नव्हतं. घाटावर, कुठल्याशा तालुक्याच्या गावाबाहेर. माझ्या फॉर्मवर ते पहिल्या क्रमांकावर होतं. माझं सरकारी कॉलेज सातवं. पहिली पसंती लागली की पुढच्या फेऱ्या बंद, हे मला त्या दिवशी समजलं. मैत्रिणीलाही तेच कॉलेज लागलं होतं.

सरांना फोन केला. "सीट मिळाली ना? मग पेढे आण," एवढंच म्हणाले.

बाबा तेव्हा सुट्टीवर घरी होते. "निदान बघून तरी येऊ," म्हणाले. आम्ही गेलो. इमारत बाहेरून चकचकीत होती. हॉस्टेलच्या न्हाणीघरात मात्र घोट्याएवढं काळं पाणी तुंबलेलं आणि त्यात केसांचे पुंजके तरंगत होते. दाखवायला आलेला माणूस दारातच थांबून म्हणाला, "मुली आल्या की साफ करतो." मेसच्या पातेल्यावर माशा बसल्या होत्या. वर्कशॉपमध्ये बाबांनी लेथवरचं प्लास्टिक उचललं, एक बोट फिरवलं आणि मला दाखवलं. कारखान्यातून येताना लावलेलं ग्रीस अजून तसंच होतं.

"हे मशीन कधी फिरलेलंच नाही," ते हळूच म्हणाले.

ऑफिसात क्लार्कने आमच्या ज्युनिअर कॉलेजचं नाव विचारलं आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे सरांची मुलगी! सर आमच्या घरचेच. दरवर्षी दहा-पंधरा पोरं देतात आम्हाला."

देतात. आंब्याच्या पेट्या द्याव्यात तशी. त्याच्या मागच्या भिंतीवर सरांच्या सत्काराचा फोटो होता. खांद्यावर शाल, हातात नव्या लॅपटॉपचा खोका, आणि वर्गात अवघड गणित सुटलं की हसायचे तेच हसू. त्या हसण्याची मला शिसारी आली. न्हाणीघरातल्या पाण्याची आली नव्हती एवढी.

परत येताना बाबा म्हणाले, "भेटू दे तो मला. चार लोकांसमोर विचारतो."

घरी पोचल्यावर मी आधी मैत्रिणीला फोन केला. तिने आदल्या दिवशीच प्रवेश घेतला होता. "तूच म्हणालीस ना, सर आहेत ते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी ती सीट सोडली आणि रत्नागिरीतच बीएस्सीला नाव घातलं. ती तिकडे गेली. दुसऱ्या वर्षापर्यंत लेथचं प्लास्टिक निघालं नव्हतं, असं तिने एकदा कळवलं. नंतर तिचे फोन कमी झाले.

सर भेटले ते प्रवेशाच्याच वर्षी गणपतीच्या आधी, मारुती मंदिराजवळच्या बाजारात, बाबा बरोबर असताना. स्कूटर थांबवून त्यांनी विचारलं, "काय गो, कुठे घेतलंस शेवटी?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार सर. इथेच बीएस्सीला आहे."

"छान, छान," म्हणत सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझेही हात जोडलेले होते. कधी जोडले, मला कळलंच नाही.

ते गेल्यावर बाबा भाजीवालीशी नको इतकी घासाघीस करत राहिले. मी ओढणीला तळहात पुसत उभी होते. ते कोरडेच होते, तरी पुसत होते.