सात तास आधी पोहोचणारे नाना

संध्याकाळचं विमान असलं, की नाना सकाळी दहा वाजता मुंबईच्या विमानतळावर हजर. दारावरचा शिपाई आधी तिकीट बघायचा, मग घड्याळ आणि मग नानांचं तोंड. "काका, आपका फ्लाइट तो शाम को है." नाना शांतपणे सांगायचे, "मालूम है. मैं नासिक से आया हूँ." एवढं सांगितलं की जगातला कुठलाही माणूस समजून घेतो, अशी त्यांची खात्री होती.

नाना म्हणजे सातपूरच्या आमच्या कारखान्याचे विक्री अधिकारी. आम्ही विजेचे पॅनेल बनवायचो आणि नाना ते देशभर खपवायचे. मूळचे निफाडकडचे, राहायला पंचवटीत. महिन्यातून दोन-तीनदा चेन्नई नाहीतर कोलकाता ठरलेलं. विमान पकडायचं मुंबईला आणि मुंबईच्या वाटेवर कसारा घाट. "घाटात एक ट्रक आडवा झाला की दिवस गेला समज. विमान काय आपल्यासाठी थांबणार हाय का?" असं म्हणत ते पहाटे द्वारका चौकातून टॅक्सी धरायचे. घाट मात्र त्यांना नेहमी मोकळा मिळायचा. मग सात तास विमानतळावर बसून राहायचं. नव्वद सालापासून त्यांचं एकही विमान चुकलं नव्हतं आणि ही गोष्ट समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळायचीच.

सुरुवातीची दहा वर्षं त्यांनी हे सात तास लोखंडी खुर्चीवर काढले. डब्यात भाकरी, ठेचा आणि काउंटरवरच्या मुलींसाठी चिवड्याची पाकिटं. चिवड्यावर खूश होऊन त्या मुली नानांना बोर्डिंग पास वेळेच्या कितीतरी आधी देऊन टाकत. नानांच्या पाठीला मात्र कुणी चिवडा देत नव्हतं. ती त्या खुर्च्यांनी कामातून गेली.

मग एकदा एका ओळखीच्या प्रवाशाने त्यांना पाहुणा म्हणून लाउंजमध्ये नेलं. नाना तासभर सोफ्याच्या कडेवर ताठ बसून होते. "फुकट चहा पाजतायत म्हणजे शेवटी काहीतरी गळ्यात मारणार," या हिशेबाने ते विक्रेत्याची वाट बघत होते. स्वतः विक्रीतले, त्यामुळे त्यांना सगळ्या जगाचा संशय. विक्रेता काही आला नाही. मग त्यांनी दुसरा चहा घेतला, पाठ टेकली आणि त्या क्षणी त्यांचं आयुष्य पालटलं.

सोमवारी ते शेठच्या केबिनमध्ये होते. कंपनीने लाउंजचं वार्षिक कार्ड काढून द्यावं, ही मागणी. शेठ म्हणाले, "नाना, विमान मिळाल्याशी मतलब. सोफा कशाला पाहिजे?"

"मुंबईवाल्याला नकोच, शेठ. तो तासभर आधी येतो, त्याला लाउंज म्हणजे निव्वळ चैन. पण मी तिथे राहतो! मला एक टेबल आणि पाठीला टेकू द्या, कोटेशनं तिथेच लिहून आणतो."

तीन महिने हे चाललं. शेवटी नानांना टाळण्यासाठी शेठ मागच्या दाराने घरी जायला लागले, तेव्हा कुठे कार्ड निघालं. आणि नानांनी शब्द पाळला. आमची उत्तमातली उत्तम कोटेशनं त्या लाउंजमध्ये लिहिली गेली आहेत. एकदोनांवर ठेच्याचे डागही होते, कारण तिथल्या मिळमिळीत उपम्यावर नाना घरचा ठेचा घालून घ्यायचे आणि शेजारच्या अनोळखी माणसालाही वाढायचे.

पुढे पुढे लोक त्यांना सल्ला विचारू लागले, लाउंजचं कार्ड घ्यावं का म्हणून. नाना वैद्यासारखी तपासणी करायचे. "वर्षातून किती वेळा जाता? किती आधी पोहोचता? पाठ कशी हाय?" वर्षातून दोनदा दिल्लीला जाणाऱ्या आमच्या डॉक्टरांना त्यांनी तोंडावर सांगितलं, "तुम्ही आपला वडापाव खा आणि विमानात बसा. उगाच हौस करू नका."

मी कारखान्यात लागले ती २००३ साली, नवीन इंजिनिअर म्हणून. नोकरी अजून पक्की नव्हती आणि घरात कमावती मी एकटी. चेन्नईच्या एका मोठ्या गिऱ्हाइकापुढे आमच्या डिझाइनची माहिती द्यायला शेठनी मला नानांबरोबर पाठवलं. जाताना बजावलं, "नीट काम केलंस तर महिनाअखेर पक्कं पत्र देतो. घोटाळा झाला तर मात्र दुसरीकडे बघ." विमान संध्याकाळी पाच चाळीसचं, गिऱ्हाइकाची भेट दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. आम्ही अर्थातच दहाला विमानतळावर. मी पहिल्यांदाच विमानाने जाणार होते, त्यामुळे सात तास आधीच यायचं असतं अशीच माझी समजूत झाली.

नानांच्या कार्डावर एक पाहुणा चालायचा, म्हणून मीही लाउंजमध्ये गेले. दुपारचं जेवण झालं. नानांची पाठ त्या दिवशी फारच धरली होती. "जरा पडतो गं. बरोबर साडेचारला उठव," असं म्हणून ते सोफ्यावर आडवे झाले. माझ्या हातात घड्याळ नव्हतं आणि मुंबईत शिरलं की रोमिंग लागायचं, म्हणून मोबाइल बंद. पण समोर भिंतीवर छान मोठं घड्याळ होतं. त्याच्या खाली गाजरहलवा. मी दोन्हींवर डोळा ठेवून बसले.

बरोबर साडेचारला मी नानांना हलवलं. नानांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि ते उठून बसले. सहा वाजले होते. त्या लाउंजमध्ये घोषणा होत नसत, तशी पाटीच होती. आम्हाला कुणी हाक मारलीही असेल, तरी ती आतपर्यंत आली नव्हती. विमान कधीच उडालं होतं. नाना उठून भिंतीपाशी गेले. तिथे ओळीने चार घड्याळं होती, चार शहरांची. मी बसले होते तिथून बाकीची तीन खांबाआड जात होती. दिसत होतं त्याच्या खाली नाव होतं दुबई. भिंतीवरचं घड्याळ ते आपलंच, असं मी धरून चालले होते.

मला रडू फुटलं. नाना त्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "दुबईवाले असतो तर आपण एकदम टायमात होतो बघ."

शेठना फोन करायचा होता. मी म्हटलं, "नाना, घाटात अडकलो म्हणून सांगा. कुणालाही पटेल." नाना पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "घाटाचं नाव घ्यायचं नाय. इतकी वर्षं त्याने मला इमानाने वाट दिलीय." मग फोनवर म्हणाले, "शेठ, लाउंजमध्ये मला झोप लागली. विमान गेलं. पोरीची काय चूक, ती नवीन हाय, ती माझ्या भरवशावर होती."

सकाळी ज्या पहिल्या विमानात जागा मिळाली त्याने आम्ही गेलो, तरी पोहोचेपर्यंत दुपार झाली आणि निम्मं काम दुसऱ्या कंपनीला मिळालं होतं. शेठनी नानांना काही बोल लावला नाही. फक्त हात पुढे केला आणि लाउंजचं कार्ड काढून घेतलं. महिनाअखेर माझं पक्कं पत्र आलं.

पुढच्या दौऱ्याला आम्ही दोघं सकाळी दहाला लोखंडी खुर्च्यांवर. नानांनी शालीची घडी करून पाठीशी घेतली होती आणि दर अर्ध्या तासाने ती सरकवत होते. मला ते बघवेना. "नाना, मी शेठना खरं सांगते." "गप बस. चिवडा खा." निवृत्त होईपर्यंत तीन वर्षं ते तसेच बसले, माझ्यामुळे.

पुढे विक्री विभाग माझ्याकडे आला आणि लाउंजचं कार्डही. ते पर्समध्ये टोचत राहायचं. शेवटी पंचवटीत नानांच्या घरी गेले आणि सांगून टाकलं, "उद्या शेठकडे जाऊन कबूल करणार आहे." काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्याही थबकल्या. नाना गालातल्या गालात हसायला लागले.

"अगं, मी शेकडो विमानं पकडली. एकाचं तरी कुणी नाव काढतं का? ते एक चुकलं म्हणून आजही कारखान्यात माझी गोष्ट सांगतात. सात तास आधी पोहोचून विमान चुकवणारा नाना! लय हसतात लोक. तेवढी एकच गोष्ट उरलीय माझी, आता तीही तू घेऊन जातेस?"

मी चहा पिऊन परत आले.

दोन वर्षांनी नाना गेले. कारखान्यातल्या शोकसभेत शेठनी ती गोष्ट सांगितली, अगदी रंगवून. डोळे पुसता पुसता सगळे हसले. काकू माझ्याकडे बघत होत्या. मग शेठ म्हणाले, "तू त्यांच्याबरोबर होतीस. दोन शब्द बोल." मी उभी राहिले. सगळं ओठांपर्यंत आलं होतं.

"शेठ म्हणतात ते खरं आहे," मी म्हटलं. "असे गाढ झोपले होते, की काय सांगू!" आणि हशा पिकला.