गुडघे फाडण्याचा जोडधंदा

डेनिमचा पहिला धागा तुटताना होणारा आवाज बोटाचं हाड मोडल्यासारखा असतो. बारीक, कोरडा आणि कानाला जरा उशिरा कळणारा. पुढचे धागे एकमेकांना ओढत फुटतात. मांडीवर ताणलेलं कापड पात्याखाली क्षणभर प्रतिकार करतं, मग एकाएकी शरण येतं, आणि त्या शरणागतीचा धक्का मनगटातून खांद्यापर्यंत चढतो. हा धक्का मला आवडतो, हे कळण्याआधी मला बरेच चुकीचे धंदे करून पाहावे लागले.

अंबरनाथच्या एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर मराठी कविता शिकवत होते. दर वर्षी तीच खुर्ची, तीच मुलाखत, तोच प्रश्न : "आपल्याला हे काम का करावंसं वाटतं?" नवरा औद्योगिक वसाहतीत पाळीवर जात असे. मोरिवलीच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं आणि सासूबाई राहत होतो. स्टाफरूममध्ये सगळे मला जोडधंदा सुचवत. अर्थशास्त्राच्या मॅडम तर हट्टालाच पेटल्या होत्या.

"तुमच्या हातात नजाकत आहे, मॅडम. मेणबत्त्या करा, राख्या करा. नाहीतर मंगलाष्टकं लिहून द्या. आपल्या स्वभावाला शोभेल तेच धरावं माणसानं."

मी तेही केलं. मेणबत्त्या एप्रिलच्या उष्म्यात माळ्यावर माना टाकून पडल्या. मंगलाष्टकांचं निराळंच. एका वरपित्याने माझं शार्दूलविक्रीडित मोडून त्यात आपल्या टाइल्सच्या दुकानाची जाहिरात बसवली आणि वर मलाच म्हणाला, "बाई, चालीत बसतं ना, मग झालं." त्या दिवशी घरी येऊन मी कांदा चिरत असताना सुरीखालचं फडकंही चिरलं गेलं. चिरताना बरं वाटलं.

मग मी कापडी पिशव्या शिवायला घेतल्या आणि त्यांच्यासाठी चिंध्या आणायला उल्हासनगरला जाऊ लागले. त्या गल्लीत श्वास घेतला की घसा सोलून निघतो. ब्लीचिंगचा वास नाकात टोचणी लावून बसतो, बाजूच्या नाल्याचं पाणी निळं जांभळं होऊन वाहत असतं. एका कारखान्यात मोठ्या ड्रममध्ये नव्या जीन्स दगडांबरोबर कोंबून फिरवत होते. आतून येणारा आवाज बंद खोलीत कुणाला तरी मारत असल्यासारखा. सिंधी शेठ दाराशी बसून स्वतःच एका पँटच्या गुडघ्याला ग्राइंडर लावत होते, कारण फाडकामाचा कारागीर गावी गेला होता. तिथे या कामाला 'डॅमेज' म्हणतात. नवं कापड जुनं, भोगलेलं दिसावं म्हणून त्याला करायची इजा.

मला राहवलं नाही. "गुडघा असा फाटत नाही," मी म्हणाले.

शेठनी चष्म्यावरून पाहिलं. "आप क्या करती हो?"

"शिकवते. कॉलेजात."

"टीचर है. अच्छा. तो टीचर, गुडघा कैसा फाटतो, दाखव." आणि त्यांनी पातं माझ्या हातात दिलं.

डेनिममध्ये उभा धागा निळा असतो आणि आडवा पांढरा. गुडघ्यावर आधी निळा मरतो. पांढरा पुष्कळ दिवस ताणून धरून राहतो. बसणाऱ्या माणसाचा गुडघा एका बाजूने झिजतो, गुडघे टेकणाऱ्याचा मधोमध. मी निळा धागा कापत गेले आणि पांढरा शाबूत ठेवला. ओळ कुठे तोडायची आणि काय तुटू द्यायचं नाही, एवढंच आयुष्यभर मी शिकले होते. ती विद्या इथे पात्याच्या टोकावर येऊन बसली. शेठ बराच वेळ त्या जखमेवरून अंगठा फिरवत राहिले. मग एक गठ्ठा माझ्याबरोबर रिक्षात टाकला.

घरी मी खिडकीशी सतरंजी टाकून फाडत असे. कॉलेजात दिवसभर गिळलेलं सगळं हातांत उतरे. प्रत्येक चिरेबरोबर मान मोकळी होई. माझ्यात एवढा राग शिल्लक आहे, याची मला कल्पनाच नव्हती. मी पातं उचललं की सासूबाई उठून गॅलरीत जात. त्या वांगणीच्या बाजूच्या शेतकरी घरातल्या. कोऱ्या कापडाला हळदीचं बोट लावल्याशिवाय ते अंगाला लावायचं नाही, असं त्यांचं वळण. गॅलरीतून त्यांचा आवाज येई, "अजून मेलं नाय का गो ते?"

अशी काही महिने फुटकळ कामं झाली. मग शेठनी एक मोठा लॉट पाठवला आणि फोनवर सांगितलं, "टीचर, हा पास झाला तर सालभर काम तुझं. नाही झाला, तर माझा जुना आदमी येतोय गावाहून. नमुना लक्षात ठेव. छोटी खरोंच पाहिजे, बोटभर, बस." हे काम माझ्या हातून जाऊ नये असं मला किती तीव्रतेने वाटतं, ते त्या क्षणी समजलं. कॉलेजची खुर्ची गेली असती तर मी रडले असते. पातं गेलं असतं तर कुणाचा तरी गळा धरला असता.

कापड फिकट निळं, जवळजवळ पांढरंच होतं. कुठे चिरायचं ते मी पिवळ्या खडूने आखून ठेवलं आणि सकाळी तास घ्यायला गेले. दुपारी परतून पहिले काही नग चिरले. प्रत्येक लॉटमधला एक नग साबणात बुडवून धागा कसा उकलतो ते पाहायची माझी पद्धत होती. मी पँट बादलीत बुडवली आणि पाणी लाल झालं.

मी आधी माझी बोटं तपासली. कुठेही कापलेलं नव्हतं. पँट वर काढली, तर फाटलेल्या गुडघ्याच्या दोन्ही ओठांना रक्त फुटल्यासारखं दिसत होतं. मग बाकीचे नग नाकाशी नेले. ब्लीचने माझं नाक त्या दिवसांत मेलं होतं, तरी खडूच्या खुणेवरचा तो मातकट, कडवट वास पोचला. हळद होती. साबण लागताच लाल झाली होती. कारखान्यात धुलाईला गेला की सगळा लॉट असाच लाल होणार होता.

"आई, या कपड्यांना हळद कुणी लावली?"

"मी लावली." सासूबाई दारात उभ्या होत्या. "तुझ्या खुणांवर बरोबर लावली. एक नाय सोडला."

"पण का?"

"जत्रेत बोकड कापतात, त्याला पण आधी हळद लावतात गो. पाणी मारतात. त्यानं अंग झाडलं, तर मंग सुरी चालवतात. तू कोऱ्या कापडावर नुसतं पातं फिरवतेस. विचारतेस तरी त्याला?"

"बोकड नाही ते, आई. पँट आहे."

"मंग बोकडासारखं का चिरतेस?"

मी ओरडले. हा लॉट गेला तर माझं काम गेलं, असं ओरडले. त्यांनी गठ्ठ्यातली एक पँट उचलून छातीशी धरली. "जाऊ दे गेलं तर. घरात नुसता खाटकाचा आवाज." मी पँट ओढली. त्यांनी सोडली नाही. माझ्या दुसऱ्या हातात पातं होतं आणि ते मी खाली ठेवलं नाही. पुढच्या हिसक्याला त्यांच्या अंगठ्याखालचं मांस उघडलं. क्षणभर त्या फटीत पांढरं दिसलं. मग ती भरून आली आणि थेंब फिकट कापडावर पडले, हळदीच्या लालीहून कितीतरी गडद.

सासूबाईंनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घे," त्या म्हणाल्या. "आता कुठं कापल्यासारखं कापलंस."

मी फडकं बांधलं. बाहेर श्रावणाचं मळभ होतं. उन्हाने हळद उडते, पण ऊन नव्हतं आणि टेम्पो संध्याकाळी येणार होता. वाचवायचं तर एकच करता येत होतं. हळद लागली होती तेवढं कापड धागा न् धागा ओढून काढायचं, चीर रुंद करायची. एकटीने ते होण्यासारखं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं.

"एक हात रिकामा हाय माझा," असं म्हणून त्या सतरंजीवर बसल्या, पँटचा एक पाय टाचेखाली दाबला, चिरेत बोटं घातली आणि ओढलं.

तसा आवाज मी कधी काढला नव्हता. चीर गुडघ्यावरून मांडीपर्यंत धावत गेली.

"आई, एवढं नाही. बोटभरच."

"ही मोठ्या दिराची," त्या म्हणाल्या. "चुलीवरनं उठवून मारलेली मला." दुसरी घेतली. "ही सासूची. बाळंतपणात नासका भात वाढायची." तिसरी घेऊन तिचा पाय टाचेखाली नीट दाबला. "ही तुझ्या सासऱ्याची." ती कमरेपर्यंत गेली. भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता, हार घातलेला. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

मग मीही थांबले नाही. मुलाखत घेणाऱ्यांची एक फाडली, टाइल्सवाल्याची एक. खोलीत निळा भुसा उडत होता, तोंडात कापसाची चव होती, फडक्यातून पुन्हा रक्त झिरपत होतं. "ही माझ्या पोराची. घरात असतो तवा झोपलेला असतो." नंतर एक माझ्यापुढे नाचवली. "ही तुझी."

"मी काय केलं?"

"मला आई म्हणतेस ते दात खाऊन म्हणतेस."

ती त्यांनी सगळ्यांत सावकाश फाडली.

संध्याकाळी टेम्पोबरोबर शेठ स्वतः आले. एक पँट उचलून त्यांनी त्या फाटीतून अख्खा हात आरपार घातला.

"टीचर, मैंने खरोंच मांगी थी. ये तो मर्डर है."

हळदीची गोष्ट मी सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. सासूबाईंच्या हाताकडे पाहिलं, मग ढिगाकडे.

"इतना गुस्सा कौन पहनेगा?" ते म्हणाले. "थोड़ा गुस्सा बिकता है, टीचर. पूरा नहीं बिकता." रद्द माल परत न्यायला त्यांनी नकार दिला. जिना उतरताना म्हणाले, "एक गठ्ठा और भेजता हूँ. आखरी. और अकेली बैठना."

दुसऱ्या दिवशी तो गठ्ठा आला. मी खडूने बोटभर रेषा आखल्या आणि पातं धरलं. सासूबाई समोर येऊन बसल्या, हात पुढे केला. मी एक नग दिला, रेषा दाखवली, तिथेच थांबायचं म्हणून बजावलं. त्यांनी प्रयत्न केला. कपाळावर आठी घालून, श्वास रोखून केला. चीर रेषेपर्यंत आली आणि त्यांच्या हातून तशीच पुढे पायाच्या शिवणीपर्यंत निघून गेली. तो नग मी काढून घेतला आणि दिवसभर एकटीने उरलेला गठ्ठा संपवला. तो पास झाला. काम माझ्याकडे राहिलं, अजून आहे.

पण त्या दुपारी, मी नग काढून घेतल्यावर, त्या रागावल्या नाहीत. कोपऱ्यातला रद्द ढीग त्यांनी स्वतःकडे ओढला, टाचेखाली एक पँट दाबली आणि तिच्या लांब पट्ट्या काढायला लागल्या.

"त्याचं काय करणार, आई?"

"काय करायचं हाय? फाडते."

मी खडूच्या रेषेशी येऊन थांबत होते, धागा मोजून पुढची चीर घेत होते. शेजारी कापड टोकापासून टोकापर्यंत फाटत होतं.