दोन स्टोरेज, एक बटण

श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात उसाच्या नोंदींसाठी आम्ही खासगी क्लाउड उभारत होतो. त्यात माहिती साठवणारी दोन यंत्रं, म्हणजे स्टोरेज, होती; एक बंद पडलं तर दुसऱ्यानं काम उचलायचं, एवढीच चाचणी. तीन दिवस मी संगणकावरून कधी हे, कधी ते बंद केलं आणि रिपोर्टात ‘उत्तम’ लिहिलं.

कानामागे टेस्टर खोचलेला वायरमन रोज दारात उभा राहून बघायचा. चौथ्या दिवशी म्हणाला, “साहेब, तुमी सांगून बंद करता. लाईट काय सांगून जाती व्हय?” आणि त्यानं भिंतीवरचं एक बटण दाबलं.

दोन्ही स्टोरेज गप्प! दोन्ही वायरी मी एकाच बोर्डात खोचल्या होत्या.

“बैलं दोन, पन दावं एकच,” असं म्हणून तो निघून गेला.

त्याचं नाव विचारायचं राहिलं. रिपोर्टात ‘चूक शोधणारा’ या रकान्यात माझंच आहे.