सर्सीस आणि एकट्याचा चहा

बालाघाटच्या आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथं कोणी नुसता चहाचा फोटो टाकला, की इंग्रजीच्या रामटेके सरांचे किस्से सुरू होतात. कितीदा ऐकले तरी पोट भरत नाही.

*

सर स्टाफरूमच्या फळ्यावर रोज एक अवघड इंग्रजी शब्द लिहायचे. दिवसभरात जो कोणी तो शब्द नेमका वापरेल, त्याला त्यांच्याकडून चहा. "एकट्यालेच!" असं बजावून सांगायचे. बाकीच्यांनी बघत बसायचं.

*

एकदा शब्द आला, सर्सीस. सर म्हणाले, "म्हंजे थांबनं. पन कायबी थांबलं तं चालत नाही. दुखनं थांबलं, जीव सुटला, तिथंच हा शब्द."

सरांच्या पत्नीला सांधेदुखीनं अंथरुणाला खिळवलं होतं. तिच्या उशाशी डिक्शनरी चाळताना हा शब्द सापडला, असं ते सहज बोलून गेले. शाळा सुटली की ते आपल्या गावची, रामपायलीची बस पकडायला धावत. तो शब्द मात्र त्यांनी फळ्यावरून कधी पुसला नाही.

*

गणिताच्या कटरे सरांना तो चहा हवाच होता. लाइट गेली, पंखा थांबला. कटरे ओरडले, "पंख्याले सर्सीस!"

"काहून? पंख्याले काय दुखून राह्यलं होतं?"

पुढच्या आठवड्यात पाऊस थांबला, तेव्हा कटरेंनी पुन्हा नेम धरला. सर म्हणाले, "धानवाल्याले इचारा, कटरेजी. त्याले अजून पायजे होता."

*

पंधरा ऑगस्टला प्राचार्यांचं भाषण. डोक्यावर ऊन, पोरं घामानं निथळलेली. भाषण एकदाचं संपलं आणि मेश्राम मॅडम हळूच पुटपुटल्या, "सर्सीस."

सर त्यांना तडक चहाला घेऊन गेले. प्राचार्यांनी विचारलं, "मॅडमले कायचा चहा?"

"इंग्रजी सुधरलं त्याइचं," सर म्हणाले. कटरे दिवसभर फुगून बसले होते.

*

सरांचा निरोप समारंभ. कटरे माइकवर म्हणाले, "आज सरच्या नोकरीले सर्सीस भेटला."

सर खुर्चीतूनच म्हणाले, "नोकरी दुखत नोती मले, कटरेजी."

सगळे हसले. मी मात्र डोळे पुसले, खोटं कशाला सांगू.

*

यंदा रामटेके वहिनी गेल्या. आम्ही सगळे रामपायलीला गेलो. शेवटचे काही महिने त्यांना कूस बदलणंही जमत नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कटरे खाली बघत म्हणाले, "वहिनीले सर्सीस भेटला, सर."

मेश्राम मॅडमनी त्यांना कोपरानं ढोसलं. सर कटरेंकडे बघत राहिले. मग आतल्या दाराकडे वळून त्यांनी सुनेला हाक मारली.

"बाई, कटरेजीले चहा आन. एकट्यालेच."