काकूंकडून न उघडणारी डिस्क

पुण्यात आमच्या वारज्याच्या सोसायटीत कुणाची हार्ड डिस्क रुसली की ती पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे जायची. काकू शाळेत कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. कुणालाही डिस्क फॉरमॅट करू, म्हणजे पुसू देत नसत म्हणून सगळे त्यांना 'फॉरमॅटकाकू' म्हणत.

मी अमरावतीहून नोकरीसाठी आलेला, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. बहिणीच्या लग्नाचे फोटो असलेली डिस्क लावली की 'आधी फॉरमॅट करा' असं स्क्रीनवर यायचं. काकूंनी दारातच विचारलं, "हो म्हणालात का?"

"नाही."

"मग या आत. चपला बाहेर."

त्यांचा पहिला उपाय वायर बदलण्याचा. वायरींनी भरलेला बिस्किटांचा डबाच होता. "कॉम्प्युटर लगेच घाबरतो. आपण घाबरायचं नाही," म्हणाल्या, आणि तिसऱ्या वायरीला माझी बहीण स्क्रीनवर हजर झाली. कुणाची मॅकवर भरलेली डिस्क विंडोजला वाचता येत नसे. त्यासाठीचं सॉफ्टवेअर टाकून चहा उकळेपर्यंत ती उघडून देत.

म्हणून मला नवल वाटायचं. त्यांच्या जर्मनीतल्या मुलाने नातीचे व्हिडिओ मॅकवर भरून पाठवलेली डिस्क काकूंकडून वर्षभर उघडत नव्हती. दर रविवारी दुपारी चारला त्याचा फोन यायचा. तो एकेक पायरी सांगायचा आणि काकू "थांब रे, कुठलं बटण? परत सांग," करत तासभर काढायच्या. मधूनच नातीचा पडलेला दात, सुनेची सर्दी असं सगळं कळायचं. शेवटी म्हणायच्या, "नाही रे जमत. पुढच्या रविवारी बघू."

मला वाटलं, वयामुळे विसरत असतील बिचाऱ्या. एका रविवारी मी खाली गेलो असताना त्या चहा करायला आत गेल्या, तेवढ्यात मी ती डिस्क उघडून ठेवली. फोन वाजला, तोही मीच उचलला. "झालं तुमचं काम!"

"सुटलो बुवा! दर रविवारी तासभर जायचा माझा," मुलगा म्हणाला.

काकू ट्रे घेऊन बाहेर आल्या. स्क्रीनवर नात नाचत होती. ट्रे टेबलावर ठेवत म्हणाल्या, "हुशार आहात." पुण्यात हे कौतुक नसतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढच्या रविवारी फोन चार मिनिटं चालला. त्याच्या पुढच्या रविवारी आलाच नाही. काकू जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अहो, त्यापेक्षा फॉरमॅट करून टाकली असतीत तर बरं झालं असतं. व्हिडिओ परत मिळवण्यात आणखी एक वर्ष गेलं असतं." त्या हसल्या नाहीत. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी चारला मी बहिणीच्या लग्नाची डिस्क घेऊन खाली गेलो. "काकू, परत दिसत नाहीये." डिस्क ठणठणीत होती. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि डबा काढला.

काकू देवाघरी जाईपर्यंत, दीड वर्ष, आमचे रविवार असेच चालले. शेवटच्या रविवारीही तीन वायरी बदलून झाल्या. स्क्रीनवर माझी बहीण हार घालून स्वच्छ हसत होती. तिच्याकडे बघत काकू म्हणाल्या, "छे, आज काही जमत नाही. पुढच्या रविवारी घेऊन या."